मातीतला गडी आणि त्याचे मोल

आज मी ज्या विषयावर आपल्याशी बोलणार आहे, तो शाळामास्तराच्या तोंडी शोभणारा नाही असे काही जणांस वाटेल. मास्तराने व्याकरणावर बोलावे, शुद्धलेखनावर बोलावे, फार तर मुलांच्या सवयींवर चार शब्द सांगावेत. खेळाडूंच्या लिलावावर बोलू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मोडण्याचे धाडस मी करीत आहे, त्याला कारण घडले आहे. ते कारण प्रथम सांगतो.

शिरूर तालुक्यात भीमेच्या अंगास वडगाव रासाई म्हणून आमचे गाव आहे. रासाई देवीवरून गावाचे नाव पडले. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. मुलूख उसाचा व कांद्याचा. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी मी ओट्यावर बसतो, आणि जुने विद्यार्थी, जे आता स्वतःच बाप झाले आहेत, ते जाता-येता टेकतात. असाच एक जण एके दिवशी आला. त्याचा मुलगा दहावीत आहे. पोरगा अंगाने शिडशिडीत, पायाने चपळ. कबड्डीच्या चढाईत पंचक्रोशीत त्याचे नाव झालेले. कोठल्याशा सामन्यात कोणा प्रशिक्षकाने त्याला पाहिले आणि बापास सांगितले, "पोरगा आमच्याकडे पाठवा. शाळेचे पुढे पाहता येईल." बाप माझ्यापुढे बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, कबड्डीत म्हणं आता कोटीनं पैसा मिळतो. पाठवू का पोराला? तुम्ही सांगाल तसं."

मी त्याच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्याला नवल वाटले. मास्तर हा प्राणी उत्तरासाठी मुदत मागत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. परंतु मुदत मागण्यास माझ्यापाशी सबळ कारण होते. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी असाच प्रश्न एका बापाने मला विचारला होता, आणि मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले होते. त्या उत्तराची हकीकत मी शेवटी सांगणार आहे. मधल्या आठ दिवसांत मी जे वाचले, ऐकले व मनाशी ताडून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. शहरातील घरांत क्रिकेटचे बारकावे लहान मुलासही पाठ असतात. कबड्डीचे तसे नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत या खेळाला हुतूतू म्हणत. बंगाल्यात तो हाडूडू, दक्षिणेत चेडुगुडू. गावागणिक नाव वेगळे, नियम वेगळे. मेलेला गडी एके ठिकाणी परत उठे, दुसरीकडे उठतच नसे. या गोंधळास शिस्त लावण्याचे काम प्रथम आपल्या महाराष्ट्रात झाले. १९२३ साली हुतूतूचे नियम छापून प्रसिद्ध झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९५० साली अखिल भारतीय संघटना निघाली. पुढे शंकरराव उर्फ बुवा साळवी यांनी आपले आयुष्य या खेळाच्या प्रसारास वाहिले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीस पदकाचा मान मिळाला आणि ते पहिले सुवर्णपदक भारताने जिंकले.

आता चढाई म्हणजे काय ते सांगतो, कारण आजच्या भाषणाचा नायक चढाई करणारा गडी आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात. चढाई करणारा एकटा गडी तोंडाने कबड्डी, कबड्डी असा घोष करीत, एका दमात पलीकडच्या अंगणात शिरतो. तेथे सात जण त्याची वाट पाहत उभे असतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा. ती ओलांडल्यावाचून किंवा कोणास शिवल्यावाचून परत आलेला गडी बाद होतो. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. या साऱ्या उद्योगास सध्याच्या नियमाप्रमाणे अवघे ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात कोणास तरी हाताने अगर पायाने शिवावयाचे आणि सातांच्या कवेतून निसटून मध्यरेषा गाठावयाची. गुडघ्यास मिठी बसते, घोट्यास पकड बसते, छातीवर दोघे-तिघे एकदम कोसळतात. क्रिकेटच्या फलंदाजास निदान बॅट असते. याच्या हाती काहीही नसते.

माझा एक विद्यार्थी अमेरिकेत असतो. त्याला हा खेळ मी दूरध्वनीवर असा समजावून सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, इकडच्या फुटबॉलात असाच एक गडी असतो. त्याला रनिंग बॅक म्हणतात." तेथला फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे, अंडाकृती चेंडू छातीशी घट्ट धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसावयाचे आणि जमेल तेवढी जमीन जिंकावयाची. गावच्या शाळेत नावाजलेला असा मुलगा पुढे विद्यापीठात जातो, तेथून धंदेवाईक संघात जातो, आणि त्याचे गाव वर्षानुवर्षे त्याच्या नावाने ओळखले जाते. परंतु माझ्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी कागदावर टिपून ठेवली. साऱ्या संघात सर्वांत लवकर झिजतो तो हाच गडी. चेंडू फेकणारा पस्तिशीच्या पुढेही खेळतो. घुसणाऱ्या गड्याचे गुडघे तिशीच्या आतच बोलू लागतात, आणि गुडघे बोलू लागले की मालकांची बोली खाली येते. देश कोणताही असो, छातीवर धडक घेणाऱ्या माणसाचा हिशोब असा एकच निघतो.

आपल्याकडे हा हिशोब मांडण्याची वेळ २०१४ पर्यंत आली नव्हती. तोवर चांगल्या कबड्डीपटूची कमाई म्हणजे नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, एखादी मोठी गिरणी किंवा कारखाना यांच्या संघात त्याची वर्णी लागे. सामन्यांपुरती रजा मिळे, आणि गुडघा गेला तरी टेबल व पगार राहत असे. त्या नोकरीत वैभव नव्हते. पण उतारवयात निवृत्तिवेतन होते. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला आणि चित्र पालटले. मातीच्या जागी रबरी गादी आली, दिव्यांचा झगमगाट आला, घरोघरी दूरचित्रवाणीवर सामने दिसू लागले, आणि खेळाडूंचा लिलाव सुरू झाला.

लिलाव हा शब्द कानी पडला की आम्हां शिरूरकरांस बाजार-समितीचे आवार आठवते. कांद्याच्या ढिगापुढे व्यापारी उभे, मूठभर माल हातात घेऊन पाहताहेत, आणि शेतकरी श्वास रोखून भावाकडे कान लावून बसला आहे. माणसाच्या बाबतीत हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला तो रुचला नव्हता, हे मी कबूल करतो. परंतु शब्द रुचला नाही म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली लागली ती राकेश कुमार यांच्यावर, १२ लाख ८० हजारांची. पुढे अवघ्या चार वर्षांत, २०१८ साली, मोनू गोयत यांच्यावर १ कोटी ५१ लाखांची बोली झाली. याच २०१८ च्या लिलावात मुंबईच्या यू मुंबा संघाने एका नवख्या मराठी चढाईपटूस ३६ लाख ४० हजारांस घेतले. त्याचे नाव सिद्धार्थ देसाई. माझ्या आठ दिवसांच्या अभ्यासाचा नायक तोच.

कोल्हापूर जिल्ह्याचे दक्षिण टोक म्हणजे चंदगड तालुका. सह्याद्रीच्या कुशीतला, मुसळधार पावसाचा, भाताचा व काजूचा मुलूख. तेथल्या माणसास कोल्हापुरापेक्षा बेळगाव जवळ. बोलीतही कानडी व कोंकणी यांचा शिडकावा. त्या तालुक्यातील हुंदळेवाडी हे सिद्धार्थचे गाव. घर शेतकऱ्याचे. थोरला भाऊ सूरज हाही कबड्डीपटू. ज्या घरात थोरल्याच्या पायास मैदानाची धूळ लागते, तेथे धाकट्यास वेगळी दीक्षा द्यावी लागत नाही. थोरला पुढे चालतो आणि धाकटा त्याच्या पावलांवर पाऊल ठेवतो. कोल्हापूरची माती कुस्तीची म्हणून प्रसिद्ध. पण जे बळ आखाड्यात लागते तेच चढाईतही लागते. फरक इतकाच की, पैलवानास एका वेळी एकाशी झोंबावयाचे असते.

७ ऑक्टोबर २०१८ रोजी चेन्नई येथे यू मुंबा आणि पुणेरी पलटण यांचा सामना झाला. सिद्धार्थचा लीगमधील तो पहिलाच सामना. वयाने तो अगदी पोरसवदाही नव्हता. विशी ओलांडून बरीच वर्षे झाली होती. म्हणजे ज्या वयात शहरी मुलगा नोकरीत रुळलेला असतो, त्या वयात हा गडी प्रथम जगापुढे उभा राहिला. त्या सामन्यात त्याने चढाईतून १४ गुण घेतले. सामना ३२-३२ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर त्याने मागे वळून पाहिले नाही. अवघ्या चार सामन्यांत त्याचे चढाईचे ५० गुण झाले. इतक्या थोड्या सामन्यांत तोवर कोणीही ते गाठले नव्हते. हंगाम संपला तेव्हा २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण त्याच्या नावावर होते, आणि त्या वर्षीच्या नवागत खेळाडूंत पहिला मान त्याला मिळाला.

त्याची चढाई पाहिली म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते. काही चढाईपटू मासळीसारखे असतात. हाती लागतात न लागतात तोच निसटतात. सिद्धार्थचा मार्ग निराळा. उंच, रुंद बांध्याचा हा गडी पकडीस फारसा भीतच नसे. दोघांनी कमरेस विळखा घातला तरी त्यांना ओढीत, फरफटवीत तो मध्यरेषेकडे झेपावे आणि हात लांब करून रेषा गाठी. लोकांनी त्याला बाहुबली म्हणावयास आरंभ केला तो यामुळेच. पाहणाऱ्यास यात मोठा आनंद असतो. परंतु शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर दुसरीही एक गोष्ट दिसते: जो बैल अंगाच्या जोरावर चिखलातून गाडी ओढतो, त्याचे खांदे आधी सुजतात.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, पुन्हा लिलाव झाला. या वेळी तेलुगू टायटन्स या संघाने त्याला १ कोटी ४५ लाखांस घेतले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली. ३६ लाखांचा गडी एका वर्षात त्याच्या जवळजवळ चौपटीस गेला. हुंदळेवाडीत त्या दिवशी काय आनंद झाला असेल याची कल्पना करावी! त्या हंगामात सूरजही तेलुगूच्याच संघात होता आणि त्यानेही आपल्या पहिल्या सामन्यात १८ गुणांची कमाई केली. एका शेतकऱ्याचे दोन मुलगे परमुलखात एकाच संघातून खेळताहेत, हे दृश्य विरळा. सिद्धार्थने त्या वर्षी २१७ गुण मिळविले, म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा एकच कमी. संघ मात्र बारांमध्ये अकरावा आला. श्रोतेहो, हे वाक्य मी मुद्दाम वेगळे सांगतो. एक गडी आपले काम चोख बजावीत असताही संघ तळाशी जाऊ शकतो. सात जणांच्या खेळात एकाच्या खांद्यावर सारा भार टाकला की तो खांदा दुखावतो आणि सामनाही हातचा जातो.

महामारीमुळे २०२० साली लीग झालीच नाही. २०२१ च्या लिलावात तेलुगू संघाने १ कोटी ३० लाखांची बोली मान्य करून त्याला आपल्याकडेच राखून घेतले. डिसेंबरात बंगळूरला हंगाम सुरू झाला, आणि थोडे सामने होतात न होतात तोच दुखापतीने सिद्धार्थ बाहेर बसला तो हंगामभर बसूनच राहिला. संघ शेवटच्या स्थानी गेला. त्यापुढील वर्षी, म्हणजे २०२२ च्या लिलावात, याच गड्याची बोली किती झाली असेल? २० लाख. गेल्या वर्षीच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. गडी तोच, त्याचे धैर्य तेच, त्याची विद्या तीच. एका दुखापतीने १ कोटी १० लाख रुपये गळून गेले.

गोष्ट येथेच संपली असती तर मी आमच्या शेतकऱ्याला एका वाक्यात उत्तर दिले असते. पण ती येथे संपत नाही. सिद्धार्थ परत मैदानात उतरला, पुन्हा चढाया करू लागला, आणि २०२३ च्या लिलावात हरियाणा स्टीलर्स या संघाने त्याला पुरे १ कोटी रुपये मोजले. मोडलेल्या माणसाने पुन्हा उभे राहणे ही गोष्ट पुस्तकात वाचावयास सोपी असते. दुखऱ्या अंगाने पुन्हा सातांच्या अंगणात पाऊल टाकणे किती अवघड असते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. आणि त्यापुढील वर्षी, २०२४ साली, दिल्लीच्या संघाने त्याला घेतले ते २६ लाखांस.

सहा बोल्या मी एका ओळीत लिहून काढल्या: साडेछत्तीस लाखांच्या आत-बाहेर, मग १ कोटी ४५, १ कोटी ३०, मग २०, मग १ कोटी, मग २६. हा कागद समोर ठेवून मी बराच वेळ बसलो, आणि मला एकाएकी हसू आले. हा तर कांद्याचा भाव! एका साली शेतकरी कांदा विकून मोटारसायकल घेतो, दुसऱ्या साली काढणीचाही खर्च निघत नाही म्हणून तोच कांदा मेंढरांपुढे टाकतो. या भावांच्या हेलकाव्यात त्याच्या कष्टाची वाढ-घट कोठेच नसते. भाव वेगळ्याच कारणांनी ठरतो: दुसऱ्याचे पीक किती आले, गिऱ्हाइकापाशी पैसा किती उरला आहे, पाऊस कोठे पडला. खेळाडूच्या बोलीचेही तसेच. संघापाशी ठराविक रक्कम असते. ती आधीच्या गड्यांवर खर्च झाली असेल तर मागाहून येणाऱ्या चांगल्या गड्यासही थोडकेच मिळते. म्हणून बोलीचा आकडा ही माणसाची योग्यता नव्हे, हे आम्ही शिक्षकांनी व पालकांनी मुलांस आरंभीच सांगितले पाहिजे. भाव चढा असताना तर अधिकच.

याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहू. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे लीगचा अंतिम सामना झाला. एका बाजूस हरियाणा स्टीलर्स, ज्यात सिद्धार्थ. दुसऱ्या बाजूस आपली पुणेरी पलटण, आणि तिचा कर्णधार अस्लम इनामदार. अस्लम हा नगर जिल्ह्यातील, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्यातील टाकळीभान गावचा. घरची गरिबी, वडिलांचे छत्र लवकर हरपलेले. आईने कष्टाने मुले वाढविली. सिद्धार्थ बळाने भिंत फोडतो. अस्लम हिशोबाने फट शोधतो, आणि चढाईइतकीच पकडही करतो. २०२२ च्या डिसेंबरात पुणेरी पलटण प्रथमच अंतिम सामन्यात गेली, त्या वेळी हा दुखापतीमुळे बाहेर होता आणि पलटण जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पुढच्याच वर्षी आशियाई सामन्यांत हांगझौ येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. आणि त्या मार्चच्या रात्री त्याच्या नेतृत्वाखाली पलटणीने २८-२५ असा विजय मिळवून प्रथमच लीग जिंकली. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

त्या रात्री आमच्या गावात फटाके उडाले. पुण्याचा संघ जिंकला म्हणून आम्हीही आनंदलो. परंतु मला आज आठवते ते असे की, परमुलखातील त्या मैदानावर मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस महाराष्ट्राच्या खेड्यांतील मुलगे उभे होते. एक चंदगडच्या पावसातला, एक श्रीरामपूरकडचा. एक जिंकला, एक हरला. आणि जो जिंकला त्याची तरी पुढील कथा काय? त्याच वर्षाच्या पुढील हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने अस्लमही मध्येच बाहेर पडला. तो परतला, २०२५ च्या ऑक्टोबरात पलटणीस पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला, आणि दिल्लीकडून तीन गुणांनी हरला. विजय आणि दुखापत या दोघी एकाच घरात नांदणाऱ्या जावा आहेत. एकीस बोलावले की दुसरीही येते.

आता ती जुनी हकीकत. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावच्या शाळेत होतो. तेथे एक मुलगा होता. गणितात कच्चा, शुद्धलेखनात त्याहून कच्चा. पण चढाईला निघाला म्हणजे पाहणाऱ्याने जागचे हलू नये. पाय असा टाकी की समोरच्यास कळू नये हा पुढे येतो आहे की मागे जातो आहे. तालुक्याचे सामने त्याने एकट्याने जिंकून दिले होते. त्याच्या बापाने मला विचारले, "गुरुजी, पोराला खेळू द्यावं का?" मी म्हणालो, "खेळाने कोणाचे पोट भरत नाही. बंद कर ते." मला वाटले, मी त्याचे कल्याण केले. बापाने त्याचे खेळणे बंद केले. त्यानंतर चार महिन्यांनी मुलाने शाळाही सोडली. तो शाळेत येत होता तो खेळासाठी, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी एक दार लावून घेतले आणि त्यासरशी दुसरेही लागले.

तो आता उसाच्या गाड्यांवर चालक आहे. हंगामात वाटेत भेटतो, गाडी थांबवून खाली उतरतो, पाया पडतो. चार-पाच वर्षांपूर्वी असाच भेटला आणि म्हणाला, "गुरुजी, टीव्हीवर कबड्डी बघता का? परवा एका गड्यानं डाव्या कोपऱ्यावर पाय टाकला आणि उजवीकडून निघाला. तसं मी करायचो. तुम्हाला आठवतं?" मी म्हणालो, "आठवते." त्याच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता. तक्रार असती तर मला बरे वाटले असते.

श्रोतेहो, आठ दिवसांनी तो शेतकरी पुन्हा आला. मी त्याला आकड्यांचा कागद दाखविला आणि विचारले, "तुझे रान किती?" तो म्हणाला, "तीन एकर." "कांदा किती लावतोस?" "एकरभर. फार तर सव्वा." "भाव चढा असला तरी?" तो हसला. म्हणाला, "सगळं रान कांद्याला देत नसतात गुरुजी. थोडी ज्वारी लागतीच घरात."

मी म्हणालो, "तुझे उत्तर तूच दिलेस. पोराला खेळू दे. सकाळी खेळू दे, संध्याकाळी खेळू दे. त्याच्या पायास दूध-अंडे कमी पडू देऊ नको. पण मार्चात दहावीची परीक्षा त्याने दिलीच पाहिजे, आणि पुढे ज्या ठिकाणी जाईल त्या ठिकाणी शाळा सुटणार नसेल तरच त्याला पाठव. शाळेचे पुढे पाहू असे जो म्हणतो, त्याला विचार, म्हणजे केव्हा? गुडघा मोडण्यापूर्वी की मोडल्यावर?"

त्याने टोपी घातली. जाता जाता दारात थांबून विचारले, "आणि नाहीच झाला मोठा खेळाडू तर?" मी सांगितले, "लिलावाच्या आवारापर्यंत पोचणारे थोडेच. बाकीच्यांपैकी कोणी पोलीस होईल, कोणी शिक्षक होईल, कोणी तुझ्यासारखा शेतकरी होईल. त्यांपैकी कोणाचेही, लहानपणी चार सामने जिंकले म्हणून, नुकसान झालेले मी पाहिलेले नाही. नुकसान झालेले पाहिले आहे ते एकाचे. त्याला खेळू दिले नाही म्हणून."

शहरातील आपल्या घरांत कबड्डीचे सामने आता आवडीने पाहिले जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. ते पाहताना एखाद्या गड्याची बोली कानी पडेल, आणि आपण म्हणू, "काय पैसा मिळतो यांना!" तो मिळावा, त्यांनी तो अंगावर वळ घेऊन मिळविलेला असतो. मात्र त्या आकड्यामागे एक वाडी असते, एक थोरला भाऊ असतो, एखादा सुजलेला खांदा असतो, आणि पुढच्या वर्षीचा लिलाव असतो. तेवढे ध्यानात ठेवून सामना पाहिला, तर चढाई करणारा गडी मध्यरेषा ओलांडतो त्या क्षणी आपलाही श्वास थोडा अधिक रोखला जाईल.

आमच्या गावचा तो मुलगा सध्या पहाटे नदीच्या बाजूस धावावयास जातो आणि संध्याकाळी दिवेलागणीस माझ्या ओट्यावर गणिते घेऊन बसतो. काल त्याने त्रैराशिकाची पाच उदाहरणे सोडविली. तीन बरोबर आली. दोन चुकली, ती आज पुन्हा करून घ्यावयाची आहेत. तेव्हा मला निघाले पाहिजे.